पंचाला ऐकू जाईल इतका आवाज

मृत्यूच्या उंबरठ्यावरून परत आलेला माणूस पुन्हा कधी पूर्वीच्या आवाजात बोलत नाही. हे वाक्य मी कुठं वाचलं असतं, तर कडेला प्रश्नचिन्ह काढून पुढं गेलो असतो, तेही पेन्सिलीनं, कारण मी ग्रंथपाल आहे. पण माझ्या बाबतीत ते खरं आहे आणि त्यात गूढ काही नाही. माझ्या डाव्या स्वरतंतूवर कर्करोगाची गाठ होती. तिला किरणांनी जाळलं. आता मी बोलतो तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी पाट सरकवतंय असं वाटतं.

ग्रंथपालाला आवाज लागत नाही. उलट दुसऱ्यांचे आवाज बंद करण्याचा त्याला पगार मिळतो. त्यामुळे आजारपणात महाविद्यालयातल्या बऱ्याच सहकाऱ्यांनी मला समजावलं, "नशीब म्हणा, तुमचं काम बोलण्याचं नाही." माझं दुसरं काम त्यांना माहीत नव्हतं. कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून मी कबड्डी खेळतो, आणि चढाई करतो. चढाई करणाऱ्यानं पलीकडच्या अंगणात असेपर्यंत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं, आणि ते पंचाला स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. आवाज तुटला की बाद. टीव्हीवरच्या सामन्यांत हल्ली पोरं नुसते ओठ हलवतात आणि निवेदकांच्या आरडाओरड्यात ते खपून जातं. आमच्याकडच्या मातीच्या मैदानांवर नियम अजून जिवंत आहे. हातपाय धड, नजर तेज, पण आवाज नाही, अशा माणसानं कडेला बसून शेंगा खाव्यात.

याच नियमामुळे माझा आजार बरेच महिने कुणाच्या लक्षात आला नाही. सिडकोतल्या आमच्या मंडळात घसा बसणं ही तक्रार नसते, शिफारस असते. ज्याचा आवाज खणखणीत तो सरावाला दांड्या मारतो, असा सरळ हिशेब. दिवाळीनंतर माझा आवाज बसला तेव्हा चाळिशीपुढच्या आमच्या संघात माझं वजन वाढलं. तरुण पोरांना माझं उदाहरण देण्यात येऊ लागलं. "बघा, या वयात सर घसा फोडून सराव करतात." सरांनाही ते ऐकायला बरं वाटायचं.

औषधं प्रत्येकाकडे होती. कुणी ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या, कुणी मिरपूड घातलेलं तूप. आमच्या संघाचा उजवा कोपरा सांभाळणाऱ्या मित्राचं शहागंजच्या मागं दुचाकीचं गॅरेज आहे. घोट्याला धरलं की सोडत नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं मला गाडी तपासावी तसं दोन-तीन वाक्यं बोलायला लावलं आणि निदान केलं.

"सर, ये आवाज नै है. ये सायलेन्सर फटेला है."

"मग काय करायचं?"

"बदली करना पडता. पर तुम्हारे मॉडेल का पार्ट अब मिलता नै."

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे हसल्याचा आविर्भाव केला, कारण हसण्यातूनही तोवर फक्त हवा यायला लागली होती.

शेवटी शंका आली ती माझ्या सासूबाईंना, आणि तीही भलतीच. त्या वैजापूरजवळच्या गावी असतात. एकदा त्यांनी बायकोच्या मोबाइलवर फोन केला. ती स्वयंपाकघरात होती म्हणून मी उचलला आणि "बोला" म्हणालो. पलीकडून फोन बंद झाला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा लावला आणि लेक भेटल्याची खात्री करून हळूच विचारलं, "तुझा फोन दुपारी कुण्या माणसानं उचलला व्हता गं?"

फोन ठेवून बायको माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या आईनं तुम्हाला ओळखलं नाही. अठरा वर्षांचे जावई आहात तुम्ही तिचे."

"सराव जोरात चालू आहे."

"तुमचा सराव महिनाभर बंद आहे. मैदानावर लग्नाचा मांडव पडलाय. रोज त्या मांडवाकडं बघून घरी येताय. उद्या डॉक्टरकडं जायचं. मी सुट्टी टाकलीय."

हे खरं होतं. मांडव होता, सराव नव्हता, आणि आवाज तरी बसलेलाच होता. पुस्तकांची आयुष्यभर वर्गवारी करणाऱ्या माणसाला कारण आणि परिणाम यांच्यातली एवढी मोठी फट दिसली नव्हती.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, मग भूल देऊन तुकडा काढला. अहवाल आला. पुढं मला इथल्या कर्करोग रुग्णालयात पाठवण्यात आलं. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि लांबण न लावता बोलायच्या, हे मला आवडलं. गाठ लहान आहे, पसरलेली नाही, किरणोपचारानं जाईल अशी चांगली आशा आहे, असं त्या म्हणाल्या. बायकोनं तेव्हा कुठं खुर्चीला पाठ टेकली.

"आवाज येईल ना परत?" मी विचारलं.

"बोलता येईल. थोडा खरखरीत राहील."

"चढाई करता येईल?"

त्यांना आधी वाटलं, मी गडकिल्ल्यांबद्दल विचारतोय. मग मी नियम सांगितला: एका दमात, मोठ्यानं, पंचाला ऐकू जाईल असं. त्यांनी तो नीट ऐकला.

"हे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "असं कुणी आजवर विचारलेलं नाही."

बायको बाहेर आल्यावर माझ्यावर चिडली. "माणूस जगेन का विचारतो. तुम्ही चढाई विचारताय." तिचं म्हणणं रास्त होतं. पण जगण्याबद्दलचा निकाल पुढं वर्षानुवर्षं कागदावर येणार होता, आणि तो दुसरं कुणीतरी वाचून मला सांगणार होतं. चढाईचा निकाल मला स्वतःला कळला असता. तिथून परत आलो की आलो. म्हणून मनात ती एकच परीक्षा ठरवली होती. बाकी काय व्हायचं ते होवो, एक चढाई पूर्ण आवाजात झाली, की मी स्वतःला बरा समजणार होतो.

दरम्यान शहरभरच्या ओळखीच्यांना कारणाचा शोध लागला होता. "पुडी खायचात?" नाही. "सिगारेट?" नाही. "मग पूर्वी कधी?" कधीच नाही. समोरच्याचा चेहरा पडायचा. आपण ज्या गोष्टी करत नाही त्याच करणाऱ्यांना हा रोग होतो, अशी त्याची खात्री असायची आणि मी ती बिघडवत होतो. एका शेजाऱ्यानं बराच विचार करून "ग्रंथालयातली धूळ" असं कारण काढलं आणि समाधानानं घरी गेला. त्याच्या घरात एकही पुस्तक नाही.

किरणोपचारासाठी आधी मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात, ती कडक होते, आणि मग रोज उपचाराच्या वेळी तिच्यासकट तुम्हाला टेबलाला जखडतात. मी इतकी वर्षं कबड्डी खेळलो, पण इतकी पक्की पकड माझी कुणी केली नव्हती. तंत्रज्ञ बाहेरून सांगायचा, "काका, हलू नका, गिळू नका." गिळू नका म्हटलं की गिळावंसं वाटतं. मग मी मनातल्या मनात चढाई करायचो. उजवीकडून आत, कोपऱ्याला हूल, बोनस रेषेवर पाय, परत. मनातला आवाज अजून जुनाच होता. यंत्राची घरघर थांबेपर्यंत माझा दम टिकायचा.

बाहेरच्या बाकांवर जिल्हाभरातली माणसं असायची. तिथं ओळख करून घेण्याची पद्धत साधी होती.

"तुमचं कुठलं?" सोयगावकडचे एक धोतरवाले गृहस्थ विचारायचे.

मी गळ्यावर बोट ठेवायचो.

"माझा जबडा. आन् हे जाधववाडीचे, ह्यांची जीभ." मग ते माझ्याकडं निरखून बघायचे. "बोलत नाय व्हय तुम्ही?"

मी मान हलवायचो. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असा हुकूम होता.

"लई चांगलं. आमच्या घरी कुणी गप बसत नाय. मला एकट्यालाच जबडा झालाय."

माझ्या घरी उलट होतं. बायकोला लग्नानंतर प्रथमच वाद पूर्ण करता येत होते. ती मुद्दा मांडायची, मी नुसता बघायचो, ती स्वतःच माझं उत्तर द्यायची आणि ते खोडून काढायची. तिच्या तोंडून आलेली माझी उत्तरं माझ्या मूळ उत्तरांपेक्षा सरस असायची, तरीही हरायचो मीच. गळ्याची कातडी काळी पडली, गिळताना काचा गेल्यासारखं व्हायचं, आणि ती ताकभात मिक्सरमधून काढून समोर ठेवत म्हणायची, "आवडला नसेल तर तसं सांगा." मग स्वतःच हसायची. त्या दिवसांत घरात एवढाच विनोद होता आणि तो रोज चालायचा.

उपचार संपले. काही महिन्यांनी डॉक्टर बाईंनी पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." लगेच पुढं सांगितलं, की 'बरे झालात' हा शब्द त्या इतक्यात वापरणार नाहीत, तपासणीला येत राहायचं. हा कंजूषपणा मला विश्वासार्ह वाटला. मी आवाजाबद्दल विचारलं. "हळूहळू वापरा," त्या म्हणाल्या. "जोर करू नका. आणि तुमच्या त्या खेळाचं काय झालं ते मला सांगा."

मग उजवा कोपरा मला रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी घेऊन जायला लागला. तिथं फिरायला येणारे लोक हात वर करून मोठमोठ्यानं खोटं हसतात, टाळ्या वाजवतात. त्यामुळे एक माणूस 'कबड्डी' म्हणायचा प्रयत्न करतोय याचं कुणाला काही वाटलं नाही. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून फक्त 'ब' बाहेर पडला. 'क' आणि 'ड्डी' आतच राहिले.

"हौ," तो म्हणाला. "स्टार्ट तो ले रहा."

पुढं शब्द जुळले, पण दोन वेळा म्हटलं की आवाजाच्या जागी वारा यायचा. तो पाच पावलं लांब उभा राहायचा आणि ऐकू आलं तर हात वर करायचा. खोटा हात त्यानं कधी वर केला नाही, आणि मी त्याच्यावर अनेकदा चिडलो. हळूहळू तो मागं सरकत गेला. उन्हाळा लागेपर्यंत तो कडुनिंबाच्या झाडापाशी पोचला होता आणि दर तीन-चार वेळांतून एकदा हात वर करत होता.

तेवढ्यात आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना माझा सत्कार करावासा वाटला. त्यांचा सिमेंट-सळईचा व्यापार आहे. कबड्डी ते कधी खेळले नाहीत, पण सत्कारात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चौकात फलक लागला: 'कर्करोगाला अस्मान दाखवणारा झुंजार योद्धा'. अस्मान कुस्तीत दाखवतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "भावना बघा सर," ते म्हणाले. फलकावरचा फोटो माझा होता, खालचे बारा फोटो इतरांचे होते. त्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नव्हतो.

सत्कारानंतर शेजारच्या मंडळाच्या चाळिशीपुढच्या संघाशी प्रदर्शनीय सामना होता. मी खेळणार, असं मीच हट्टानं सांगितलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी उजवा कोपरा घरी आला, चहा घेतला आणि बायको आत जाताच म्हणाला, "सर, एक बात बोलू? सामनेवालोंको बोलके रखेला है. तुमको हात नै लगाना."

"कुणी?"

"अध्यक्षसाहेबांनी. और कौन. बोले, पेशंट आदमी है, कुछ हो गया तो अपने कार्यक्रम में होना नको."

रात्री जेवताना मी ते बायकोला सांगितलं. वर्षभर ज्या परीक्षेसाठी थांबलो होतो तिची उत्तरपत्रिका आधीच तपासून ठेवली होती. न पकडणाऱ्या संघावर चढाई करणं म्हणजे रिकाम्या खोलीत भांडण जिंकणं. "काढून टाका ना मग डोक्यातून खेळायचं," बायको म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "बरं, खेळा. पण शाल अंगावर घेऊन नका खेळू."

शाल मे महिन्याच्या उन्हात माझ्या अंगावर घातली गेली आणि बराच वेळ काढायला मिळाली नाही, कारण प्रमुख पाहुणे बोलत होते. हार काळवंडलेल्या गळ्याला टोचत होता. पाहुणे म्हणाले, की मैदानात 'निदान' नावाची रेषा असते आणि जीवनातही निदान होत असतं, पण खरा खेळाडू ती रेषा ओलांडून जातो. टाळ्या पडल्या. माझ्याबद्दल ते बरंच बोलले. माझं आडनाव मात्र त्यांना दोन वेळा मागं वळून विचारावं लागलं. नंतर एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "केस कसे काय राहिले तुमचे?" गळ्याच्या किरणांनी डोक्याचे केस जात नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं.

पंच वैजापूरहून एसटीनं आले होते. निवृत्त व्यायामशिक्षक, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. भाषणं चालू असताना ते फक्कीच्या रेषा पायानं तपासत होते. त्यांना कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं. बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

पहिली चढाई मानानं माझी होती. मी मध्यरेषा ओलांडली आणि शब्द सुरू केला. समोरचे सातही जण नम्रपणे बाजूला झाले. लग्नात वरमाईला वाट देतात तसे. त्यांचा कर्णधार तर हात मागं बांधून उभा होता. मी एकाच्या खांद्याला स्पर्श केला, तो हसला. आणि घशातून वारा सुटला.

शिट्टी वाजली. "आवाज नाय. चढाईवाला बाद."

मग अध्यक्ष धावत आले.

"अहो पंच, काय करताय? सर कॅन्सरमधून उठलेत!"

"उठलेत ते दिसायलंय मला. आवाज कुठंय?"

"अहो, त्यांच्या गळ्यालाच तर झाला होता!"

"मंग नियम बदलून आणा. तोवर बाद." पंचांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं काय म्हणणं हाय, सर?"

मी हात वर केला आणि बाहेर जाऊन बसलो. वर्षभरात प्रथमच कुणीतरी मला इतरांसारखं वागवलं होतं. बाद होऊन इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं. अध्यक्ष पंचांशी भांडत राहिले, आणि त्या भांडणात समोरच्या संघाचा सगळा विनय संपला. "खेळायचं तर खेळा नीट," त्यांचा डावा कोपरा ओरडला. "आम्हाला बी उन्हात उभं राहायची हौस नाय."

आमच्या उजव्या कोपऱ्यानं त्यांच्या एका गड्याचा घोटा धरला, आम्हाला गुण मिळाला आणि मी पुन्हा आत आलो. पुढची चढाई मी मागून घेतली. मध्यरेषेशी उभा होतो तेव्हा त्यांचा कर्णधार म्हणाला, "सर, आता सोडत नसतो हां."

मी दम घेतला आणि निघालो. या वेळी पंच माझ्या बाजूनं कान पुढं करून चालत होते. शब्द फुटका होता, खरखरीत होता, पण येत होता. बोनस रेषेकडं झेपावलो तेवढ्यात डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, मधल्यानं कमरेला मिठी घातली आणि बाकीचे वरून आले. तोंड मातीत गेलं. कुणाचा तरी गुडघा माझ्या पाठीवर होता आणि मी 'कबड्डी कबड्डी' म्हणतच होतो. कुठून येतोय ते मला कळत नव्हतं, पण तो आवाज माझा होता आणि मला ऐकू येत होता. पलीकडं बायको ओरडताना ऐकू आली, "अहो, उठा त्यांच्या अंगावरून!" मग म्हणाली, "नाही, राहू द्या, राहू द्या!"

पंच उकिडवे बसून त्या ढिगाऱ्याला कान लावून होते. दम संपला तेव्हाच त्यांनी शिट्टी वाजवली.

"आवाज होता. दम संपला. बाद." आणि गुण लिहिणाऱ्याकडं वळून पुन्हा म्हणाले, "आवाज चांगला होता. पकडीचा गुण त्यांचा."

उजवा कोपरा आमच्याच संघाविरुद्ध गेलेल्या गुणावर टाळ्या वाजवत होता. मी माती थुंकत उठलो. पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंना काय सांगायचं ते मला कळलं होतं.

सामना आम्ही मोठ्या फरकानं हरलो. सामनावीराचा चषक माझं नाव कोरून आधीच आणलेला होता, म्हणून तो मलाच देण्यात आला. माझे गुण शून्य होते.